वस्तऱ्याचे नवे उमेदवार

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या सुशिक्षित तरुणांपैकीं कित्येकांस एक नवाच शोक लागला आहे. पाच पात्यांचीं आणि विजेवर फिरणारीं यंत्रें बाजूस सारून हे गृहस्थ उघड्या वस्तऱ्यानें स्वतःची दाढी स्वतः करावयास शिकूं लागले आहेत. जर्मनींतील सोलिंगेन शहरचा वस्तरा, बेल्जममधील आर्देनच्या डोंगरांतला पिवळा निसणा, घोड्याच्या कातड्याचा पट्टा, बॅजर नांवाच्या जनावराच्या केसांचा कुंचला आणि तऱ्हेतऱ्हेचे सुवासिक साबण एवढा सरंजाम जमला म्हणजे सकाळच्या क्षौरविधीस प्रारंभ होतो. आणि पहिल्या आठवड्यांत हनुवटीवर दोन-तीन ठिकाणीं रक्त आलें म्हणजे तें लढाईंतून परतलेल्या शिपायाच्या जखमेप्रमाणें मित्रमंडळींत मिरविलें जातें. शोक हा शब्द वाचून आम्ही या गृहस्थांची टवाळी करण्यास निघालों आहों, असा ग्रह कोणीं करून घेऊं नये. वस्तरा चालविण्यास शिकणें आमच्या मतें चांगलें आहे, व तें कां चांगलें आहे हें आम्ही पुढें सांगणार आहों. आमचें भांडण आहे तें हे गृहस्थ ज्या रीतीनें शिकतात तिच्याशीं, आणि त्याहूनही, ज्याच्यापाशीं शिकावयाचें त्याला ते ज्या रीतीनें चुकवितात तिच्याशीं.

प्रथम थट्टेखोरांचा निकाल लावूं. पांच मिनिटांच्या कामास अर्धा तास कां घालवावा, आणि गळ्यावर उघडें हत्यार कां फिरवावें, असे त्यांचे दोन प्रश्न असतात. पहिल्यास उत्तर देण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं; वांचविलेल्या त्या पंचवीस मिनिटांचें हे काटकसरी गृहस्थ काय करतात, हें त्यांच्या हातांतील मोबाइलकडे पाहून कोणासही कळेल. दुसरा प्रश्न अज्ञानांतून निघालेला आहे. वस्तरा धारेशीं काटकोन ठेवून सरळ ओढला तर केस कापतो; धारेच्या लांबीच्या दिशेनें सरकला म्हणजे कातडी कापतो. विळीवर टोमॅटो नुसता दाबला तर चेंगरतो आणि सरकविला कीं चिरतो, हें स्वयंपाकघरांत वावरणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. तेवढें ध्यानांत ठेवून हलक्या हातानें काम करणाऱ्यास वस्तऱ्यापासून जें भय आहे, तें विळीपासून असलेल्या भयापेक्षां फारसें मोठें नाहीं.

थट्टेखोरांपेक्षां भक्तांचा पक्ष आम्हांस अधिक घातक वाटतो. वस्तऱ्याची दाढी ही खऱ्या पुरुषाची दाढी, तींत चित्त एकाग्र होतें, ती एक प्रकारची साधनाच आहे, आणि मुख्य म्हणजे ती आमच्या आजे-पणज्यांची रीत आहे, असें हे भक्त सांगत सुटतात. यांतला शेवटचा मुद्दा तर धडधडीत खोटा आहे. महाराष्ट्रांतील सुखवस्तु घरांतले आजे-पणजे वस्तऱ्याची दाढी बाळगून होते खरे. पण ते ती करीत नसत. ते ओटीवर पाट मांडून मान वर करून बसत, आणि दाढी न्हावी करीत असे. बारा बलुतेदारांपैकीं एकाच्या हातची विद्या आपल्या आज्याच्या नांवावर चढवून तिचा वारसा सांगणें, ही वंशावळ लिहिण्याची फारच सोयीची पद्धत आहे. उपनिषदांचाही आधार या कामीं घेतला जातो. कठोपनिषदांत बिकट मार्गाला वस्तऱ्याच्या धारेची उपमा आली आहे ती, धार म्हणजे काय वस्तु आहे हें उपमा देणाऱ्यास पुरतें माहीत होतें म्हणून. आमचे भक्त उपमा तेवढी उचलतात, आणि हातांतल्या वस्तऱ्याला धार आहे कीं नाहीं हें पाहावयाचें विसरतात.

नवशिक्याचें घोडें पेंड खातें तें नेमकें येथें. तो मोठी किंमत मोजून नवा वस्तरा आणतो; परंतु कारखान्यांतून निघालेला वस्तरा पुष्कळदां दाढीजोग्या धारेवर आणलेला नसतो. पहिल्याच फटक्यास केस कापला न जातां ओढला जातो, डोळ्यांस पाणी येतें, म्हणून तो जोर लावतो. जोर लावला कीं कातडी जाते. मग तो आपल्या हातास दोष देतो, किंवा त्याहून महाग असा दुसरा वस्तरा मागवितो. वास्तविक त्याच्या हातानें अजून कांहीं बिघडविलेलेंच नसतें. धार लावणें, तिची पारख करणें आणि ती राखणें हाच या विद्येचा मोठा भाग आहे. गालावरून वस्तरा फिरविणें हा लहान भाग आहे. आमचे नवे उमेदवार लहान भागाची जन्मभर उमेदवारी करतात, आणि मोठा भाग पैसे देऊन पोस्टानें बाहेरून करून आणतात.

आणि हा मोठा भाग लोक समजतात तितका दुर्घट तरी कोठें आहे? साधारण वस्तऱ्याची पाठ ५ ते ६ मिलिमीटर जाड आणि पातें १६ ते १९ मिलिमीटर रुंद असतें. पातें निसण्यावर आडवें ठेवून पाठ आणि धार या दोन्ही कडा दगडास टेकविल्या कीं धारेचा कोन आपोआप १५ ते २० अंशांच्या आसपास बसतो. सुरीला धार लावणाऱ्यास हा कोन मनगटानें सांभाळावा लागतो, आणि त्यांत त्याचीं वर्षें जातात; वस्तरा घडविणाऱ्यानें तो पाठीच्या जाडींतच बसवून दिलेला असतो. दगडावर वस्तरा चालवावयाचा तो धार पुढें करून. चामड्यावर चालवावयाचा तो पाठ पुढें करून. आणि पट्ट्याच्या टोकाशीं पातें उलटावयाचें तें नेहमीं पाठीवरून. धारेवरून उलटलें कीं पट्टा चिरलाच म्हणून समजावें. निसणा कांहीं महिन्यांनीं एकदां लागतो. पट्टा मात्र प्रत्येक दाढीपूर्वीं हवा, चाळीस-पन्नास फेरे, पट्टा ताठ धरून व वस्तऱ्याच्या स्वतःच्या भारापेक्षां अधिक भार न घालतां. पट्टा पोलाद फारसें झिजवीत नाहीं. कलंडलेली धार तो पुन्हां सरळ उभी करतो. काम झाल्यावर पातें कोरडें करून त्यास तेलाचा हात द्यावा, हें कोंकणांतल्या पावसाळ्यांत राहणारास तरी सांगावयास नको. तेथें उघड्या पोलादावर एका रात्रींत तांबेरा येतो.

केस पोलादापेक्षां जवळजवळ ५० पटींनीं मऊ असतां त्यानें पोलादाची धार बोथट कां व्हावी, हें कोडें फार दिवसांचें होतें. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींतील संशोधकांनीं फेकाऊ यंत्रांच्या पात्यांवर प्रयोग करून व धार सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून २०२० सालीं ‘सायन्स’ नियतकालिकांत त्याचें उत्तर दिलें. धार नुसती झिजून गोल होते असें नव्हे. केस वांकून तिरपा लागला आणि त्या जागीं पोलादाची अंतर्रचना एकसारखी नसली, म्हणजे धारेचा बारीकसा टवका उडतो. ज्यानें चामड्याच्या पट्ट्यापुढें आयुष्य काढलें त्यास हें ऐकून फारसें आश्चर्य वाटणार नाहीं. रोजची निगा कशासाठीं हें त्याच्या बोटांस पूर्वींच कळलेलें होतें. कारण तेवढें आतां समजलें.

स्वतःची दाढी स्वतः करण्यास शिकविण्याचा खटाटोप कांहीं आजचा नाहीं. पॅरिस येथील सुऱ्या-कात्र्या घडविणारा कारागीर ज्यां-झाक पेरे यानें १७६९ सालीं याच विषयावर एक पुस्तक लिहिलें. सुताराच्या रंध्याचें पातें जसें लाकडांत बसविलेलें असतें तसा वस्तऱ्यास लांकडी आडोसा बसविण्याची युक्तीही त्याचीच. आम्हांस त्या पुस्तकाच्या नांवाचें मोठें कौतुक वाटतें. तें नांव लांबलचक आहे, आणि स्वतः दाढी करण्याची कला एवढें सांगून तें थांबत नाहीं. हत्यारांस धार लावण्याचे नाना प्रकारचे दगड ओळखण्याची रीत व वस्तऱ्याच्या पट्ट्यासाठीं चामडें तयार करण्याची रीत यांचीही हमी तें पहिल्याच पानावर देतें. अर्थात् शिकणारास काय शिकवावयास हवें हें अडीचशें वर्षांपूर्वींच्या त्या कारागिरास आजच्या जाहिरातदारांपेक्षां चांगलें समजत होतें.

पुढें किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन गृहस्थानें फेकून देण्याजोगें पातें काढलें. १९०३ सालीं त्याचीं अवघीं ५१ यंत्रें व १६८ पातीं खपलीं. पुढच्याच वर्षीं यंत्रांचा खप ९० हजारांवर गेला. आणि पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सरकारनें शिपायांसाठीं ३५ लक्ष यंत्रें व ३ कोटी २० लक्ष पातीं घेतलीं. दाढी सुरक्षित केली म्हणून जिलेटची वाखाणणी होते. परंतु आडोसा घातलेले वस्तरे त्याच्या आधींही होते. त्याची खरी युक्ति निराळी होती. धार गेली कीं पातें टाकावयाचें, असें ठरवून त्यानें धार लावण्याची विद्याच अनावश्यक करून टाकली. त्यानंतर १९७१ मध्यें एकाचीं दोन पातीं झालीं, १९९८ मध्यें तीन झालीं, २००६ मध्यें पांच झालीं. आणि धार म्हणजे बाजारांतून पुडींत बांधून आणावयाची वस्तु, अशी दोन-तीन पिढ्यांची समजूत झाली. वस्तरा शिकण्यांत आम्हांस जें मोल वाटतें तें एवढ्याचसाठीं. आपण रोज वापरतों ती एखादी तरी वस्तु बिघडली असतां आपल्या हातानें पूर्ववत् करतां येणें, ही शक्ति आमच्या वर्गांतून झपाट्यानें नाहींशी होत आहे. घड्याळ, फोन, पंखा यांपैकीं एकही आम्हांस उघडतां येत नाहीं. वस्तरा ज्याला धारेवर आणतां येतो त्याच्या हातीं निदान एक वस्तु तरी पुरती असते.

हाताच्या शिक्षणाविषयीं थोडक्यांत लिहून पुढें जाऊं. केस ऊन पाण्यानें दोन-तीन मिनिटें तरी भिजवावे. कोरड्यापेक्षां भिजलेला केस पुष्कळ कमी जोरानें कापला जातो. पातें कातडीशीं सुमारें ३० अंशांचा कोन करून धरावें; फार उभें धरलें तर खरवडतें, फार आडवें धरलें तर ओढतें. दुसऱ्या हातानें कातडी ताणून धरावी, आणि हा दुसरा हात वस्तऱ्याच्या हाताइतकाच महत्त्वाचा समजावा. पहिले कांहीं दिवस कानशिलापासून गालापर्यंतच सुलट हात फिरवून बाकीची दाढी नेहमींच्या यंत्रानें उरकावी. मग गळा, त्यानंतर ओठांवरची जागा, आणि सर्वांच्या शेवटीं हनुवटी. उलट हाताची घाई दोन-तीन महिने करूं नये. हें सर्व पुस्तकांत आणि चित्रफितींत सांपडतें. न सांपडणारी गोष्ट म्हणजे तीस अंश मनगटाला कसे वाटतात, आणि धार लागली हें पट्ट्याच्या आवाजावरून कसें ओळखावें, ही होय. ती ज्याला येते त्याच्या शेजारीं बसूनच घ्यावी लागते, आणि तो माणूस प्रत्येक पेठेंत आणि प्रत्येक खेड्यांत आहे.

येथें आम्ही आमच्या खऱ्या तक्रारीशीं आलों. या नव्या उमेदवारांच्या घरीं आम्हीं परदेशी कारागिरांचीं पुस्तकें पाहिलीं, दूरदेशींच्या तज्ज्ञांस लिहिलेलीं पत्रें पाहिलीं, दगडांच्या दाणेदारपणाविषयीं रात्र-रात्र चाललेले वाद ऐकले. परंतु ‘आमच्या कोपऱ्यावरच्या न्हाव्यास विचारलें’ असें म्हणणारा गृहस्थ आम्हांस आजवर भेटलेला नाहीं. सोलिंगेनच्या कारागिराचें नांव ज्यास पाठ आहे, त्यास ज्याच्यापुढें तो वीस वर्षें मान देऊन बसला त्या माणसाचें आडनांवही सांगतां येत नाहीं. तें विचारण्याचें त्यास कधीं कारणच पडलेलें नसतें. हा केवळ विसराळूपणा असता तर आम्ही लेखणी उचललीच नसती.

आमच्या भाषेनें या तुच्छतेचा पुरावा जपून ठेवला आहे. कोणास लुबाडलें कीं त्याची हजामत केली. पुरतें लुबाडलें कीं बिनपाण्यानें केली. रिकामा बसलेला मनुष्य हजामती करीत असतो. न्हाव्याचा उकिरडा उकरावा तितके केसच निघतात, असें म्हणून आपण त्या माणसाच्या साऱ्या आयुष्याचा हिशेब एका ओळींत मिटवितों. मौज अशी कीं, बिनपाण्याच्या हजामतीची शिवी बनविणाऱ्यानें न कळत या विद्येचा पहिलाच नियम आपल्या पदरीं बांधून दिला आहे. पण ती तोंडानें उच्चारणारे आमचे उमेदवार केस भिजविण्याचें महत्त्व एखाद्या परदेशी पुस्तकांतून शिकतात. तो समाज आज स्वतःस नाभिक म्हणवितो, आणि जुन्या शब्दांवर शिव्यांचीं एवढीं पुटें चढलेलीं पाहतां त्यास तसें म्हणविण्याचा पूर्ण अधिकार आहे, असें आम्ही समजतों.

आम्ही केलें तर ती कला आणि त्यानें केला तर तो धंदा, असा हा हिशेब आहे. तो एकट्या आमच्याच देशांत मांडला गेला असें नव्हे. लंडनांत १५४० सालापासून न्हावी आणि शस्त्रवैद्य एकाच संघांत नांदत होते; १७४५ सालीं शस्त्रवैद्य वेगळे निघाले. पुढें एका पात्याला प्रतिष्ठा मिळाली, आणि दुसरें पातें दुकानांत राहिलें. पण तेथें निदान दोन पात्यांचें काम निराळें होतें. आमच्या येथें पातें तेंच, गाल तोच, साबण तोच. हात बदलला एवढ्यावर धंद्याची कला होते. सेना न्हावी पूजेंत गुंतला असतां त्याच्याऐवजीं प्रत्यक्ष विठ्ठलानें धोकटी काखोटीस मारून राजाची सेवा केली, ही कथा आमच्या घरोघरच्या कीर्तनांत शेंकडों वर्षें सांगितली गेली. श्रोत्यांनीं डोळे पुसले, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं ओटीवर बसून न्हाव्यास ‘अरे, किती उशीर!’ म्हणून दटावलें.

यावर दोन आक्षेप येण्याजोगे आहेत. पहिला असा कीं, आजच्या न्हाव्यापाशीं तरी धारेची विद्या कोठें उरली आहे? तो तर एका मुठींत अर्धें पातें अडकवून दाढी करतो व गिऱ्हाईक उठलें कीं तें फेकून देतो. हें खरें आहे, आणि तो तसें करतो तें योग्यच करतो. हेपटायटिस बी, एचआयव्ही यांसारखे रक्तावाटे पसरणारे रोग माहीत झाल्यावर दहा गिऱ्हाइकांस एकच पातें लावणें हा अपराध ठरला असता. आपल्या बापाचा निसणा त्यानें बाजूस ठेवला तो गिऱ्हाइकाच्या जिवासाठीं. त्याबद्दल त्यास अडाणी ठरविणाऱ्याच्या बुद्धीचें कौतुकच केलें पाहिजे. परंतु वय साठीपलीकडे गेलेल्या कारागिरांच्या बोटांत ती धार अजून आहे. आणि तरुण कारागिराच्या हातांतही कोन, ताण, फेस आणि हलकेपणा हीं चारही आहेतच. अर्ध्या पात्याला तीं कमी लागत नाहींत. वृद्ध कारागीर गेले म्हणजे मात्र निसण्याची ओळख पटविणारा माणूस खरोखरच उरणार नाहीं. ही विद्या वांचविण्याची सर्वांत मोठी गरज आज आहे, आणि ज्यांना तिची हौस आहे असे लोक नेमक्या याच वेळीं तिच्या धन्याकडे पाठ करून बसले आहेत. आमच्या कळकळीचें कारण हें आहे.

दुसरा आक्षेप याहून फार वजनदार आहे, व तो टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. न्हाव्याचा वस्तरा सर्वांसाठीं नव्हता. गांवोगांव अस्पृश्य मानलेल्या माणसाची दाढी गांवचा न्हावी करीत नसे. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमानें अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणें हा गुन्हा ठरविला, तरी ही चाल कायद्याच्या शाईबरोबर वाळून गेली नाहीं. ज्याला खुर्चीच नाकारली गेली त्याच्या हातीं चार दिडक्यांचें पातें आलें, तेव्हां तें त्याच्या दृष्टीनें केवळ पातें नव्हतें. कोणाच्या दारीं उभें न राहतां चेहरा स्वच्छ करण्याची ती मोकळीक होती. जिलेटच्या पात्याविरुद्ध आम्हीं वर जें लिहिलें तें अशा माणसास ऐकविण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं.

पण हाच आक्षेप थोडा पुढें न्यावा. गांधींनीं आपल्या आत्मकथेंत प्रिटोरिया येथील हकीकत दिली आहे. विलायतेस गेलेला मनुष्य दाढी करावयास शिकतोच, तसे तेही शिकलेले होते. आणि तो काळ फेकाऊ पात्याच्या आधींचा होता. केस कापविण्यासाठीं ते एका इंग्रज न्हाव्याकडे गेले, त्यानें तिरस्कारानें नकार दिला, तेव्हां त्यांनीं यंत्र विकत घेऊन आरशापुढें उभें राहून स्वतःचे केस कापले. पुढचे जेमतेम जमले, मागचे बिघडले, आणि कोर्टांतल्या मित्रांनीं उंदरांनीं डोकें कुरतडलें काय म्हणून त्यांस हंसून घेतलें. एवढें होऊनही त्यांनीं त्या न्हाव्यास दोष दिला नाहीं. काळ्या माणसाचे केस कापले असते तर त्याचीं गोरीं गिऱ्हाइकें तुटण्याचा संभव होता. आणि आपण तरी आपल्या न्हाव्यांस अस्पृश्य बांधवांची सेवा कोठें करूं देतों, असें त्यांनीं पुढें म्हटलें आहे. यांत दोष कोणाचा, याचा निवाडा आला. वस्तरा ज्याच्या हातांत होता त्यास सबंध मोकळीक कधींच नव्हती. त्यानें एका दाराशीं काम केलें तर दुसऱ्या दारांतलें बलुतें बंद होत असे. खुर्चींत बसणारा कोणाची दाढी व्हावी हें ठरवीत होता, आणि बदनामी मात्र उभ्या असलेल्याची होत होती. आम्हीं न्हाव्यास सर्वस्वीं निर्दोष म्हणत नाहीं. परंतु या बाबतींत त्याच्याविरुद्ध बोलण्याचा अधिकार खुर्चीच्या बाहेर ठेवलेल्यांचा आहे, खुर्चींत बसलेल्यांचा नाहीं.

शिवाय या उभ्या माणसास जेव्हां संधि मिळाली तेव्हां त्यानें काय केलें, हेंही पाहावें. विधवांचें केशवपन याच वस्तऱ्यानें होत असे. त्यावर आमच्या विद्वानांनीं शास्त्रार्थाचा किती काथ्याकूट केला, तो त्या काळच्या मासिकांच्या आणि वर्तमानपत्रांच्या जुन्या फाइली चाळणारास ठाऊक आहे. अनुकूल-प्रतिकूल वचनें जमविलीं जात होतीं, आणि घराच्या मागील दारीं तें काम बिनबोभाट चाललें होतें. १८९० सालीं मुंबईच्या न्हाव्यांनीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें सभा भरवून विधवांच्या डोक्यास वस्तरा लावावयाचा नाहीं असा निश्चय केला. ज्याच्या रोजच्या मिळकतीस त्या निश्चयानें खोट येणार होती, तोच बोलला. वस्तऱ्याच्या परंपरेचा अभिमान कोणास बाळगावयाचाच असेल तर त्यानें हें साल पाठ करावें. आज्याच्या पाटावर बसण्याच्या आठवणींत अभिमान धरण्यासारखें आम्हांस कांहीं दिसत नाहीं.

आतां राहिलें व्यवहाराचें. रविवारची गर्दी टाळून एखाद्या साध्या दुपारीं आपला नवा वस्तरा घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानांत जावें. दुकानांतल्या म्हाताऱ्या कारागिरास ‘अहो’ म्हणून हांक मारावी. हें प्रथम जड जाईल. त्यानें वस्तरा हातांत घेऊन धार नखावर पाहिली आणि नाक मुरडलें तर सोलिंगेनचें नांव त्यास सांगूं नये. तो जुना निसणा शोधील, तो कदाचित् माळ्यावर टाकलेला असेल. तो मिळेपर्यंत थांबावें. आठवड्यांतून दोन दुपारी याप्रमाणें तीन महिने गेलें असतां जें पदरीं पडेल तें कोणत्याही पुस्तकांत मिळणार नाहीं. त्याचें वेतन किती द्यावें, असा प्रश्न आम्हांस एकानें केला होता. सतारीच्या शिक्षकास महिन्यास जें देतां तेंच द्यावें. आणि ‘कशाला, साहेब’ म्हणून त्यानें हात मागें घेतला, तर पैसे तेथेंच आरशासमोरच्या फळीवर, तुरटीच्या खड्याशेजारीं ठेवून यावें.